हमीची कसोटी पुढच्या संकटात

करोनाच्या महामारीतून देश सावरला, असे सांगताना राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे पुढे केले जातात. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत पहिल्या अंदाजाप्रमाणे २३.९ टक्क्यांनी घसरलेले उत्पन्न पुन्हा वाढीला लागले, हे खरे. परंतु टाळेबंदीत शहरांतून गावी परतलेल्या श्रमिकाचे काय झाले, हे त्यातून कळत नाही. देशातील एकूण कामकऱ्यांपैकी शेतीत असणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ४६.५ टक्क्यांवर गेले आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के होते. शेतीबाहेर पडू लागलेला श्रमिक पुन्हा शेतीत लोटला गेला. याला सावरणे म्हणत नाहीत. ही छुपी बेकारी होय.

त्या वर्षी ग्रामीण श्रमिकाला आधार दिला तो रोजगार हमीने. अंदाजपत्रकातील ६१,५०० कोटी रुपयांची तरतूद १,११,५०० कोटींवर न्यावी लागली. ही सरकारची मेहेरबानी नव्हती. मागेल त्याला काम देणे २००५ च्या कायद्याने बंधनकारक केले होते आणि मजुरीचा भार केंद्रावर टाकला होता. वि. स. पागे यांच्या योजनेने १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रुजवलेले तत्त्व हेच : आधी हक्क, मग तरतूद.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने हा क्रम उलटा केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे स्वागतार्हच. परंतु प्रत्येक राज्याची रक्कम केंद्र आधीच ठरवणार, बहुतेक राज्यांनी ४० टक्के भार उचलायचा आणि ठरलेल्या रकमेपलीकडचा खर्च सर्वस्वी राज्याने सोसायचा, अशी ही व्यवस्था आहे. संकटात कामाची मागणी वाढते, नेमका तेव्हाच राज्यांचा महसूल आटतो. २०२० मध्ये वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्यांना केंद्राच्या दारी तिष्ठावे लागले आणि अखेर बरीचशी रक्कम कर्जरूपाने मिळाली, हा अनुभव ताजा आहे. मग पुढच्या संकटात गरीब राज्ये ही हमी कशी पाळणार?

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणताना हा प्रश्न राज्यकर्त्यांना पडला नव्हता.

रकमेची ही मर्यादा काढून टाकावी आणि मजुरीचा भार पुन्हा केंद्राने उचलावा, ही आपली मागणी असली पाहिजे. तिला बळ मिळेल ते गावोगावच्या नोंदींतून. म्हणून कार्यकर्त्यांनी कामाचे लेखी अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येक अर्जाची तारखेसह पावती मिळवावी. मागणी नोंदलीच गेली नाही, तर गावात बेकारी नव्हतीच, असे उद्या सरकार सांगेल.