पटलावर न येणारे निकष

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास संपून घड्याळाचे काटे बारावर आले की पत्रकार कक्षातील गर्दी ओसरू लागते. नेमक्या याच वेळी मंत्री एकामागून एक उभे राहतात आणि आपल्या नावापुढील कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवतात. अधिसूचना, नियम, वार्षिक अहवाल, विलंबाची कारणे सांगणारी निवेदने असा तो ढीग असतो. त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तरीही संसदीय शासनपद्धतीत या रटाळ क्षणाला मोल आहे. कायदा संसदेने करायचा, तपशील मंत्रालयाने भरायचा आणि भरलेला तपशील पुन्हा संसदेला दाखवायचा, असा हा व्यवहार आहे. सरकारची, पर्यायाने नागरिकांची माहिती ज्या क्लाउडवर साठवली जाते, त्याच्या सुरक्षेचे निकष मात्र या ढिगात यावेत असे बंधन नाही.

विषय तांत्रिक वाटतो, पण त्याची व्याप्ती लहान नाही. प्रत्येक खात्याने स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन सांभाळत बसण्याऐवजी डेटा सेंटरमधील जागा आणि संगणनक्षमता सामाईकपणे किंवा भाड्याने वापरावी, या विचारातून केंद्राने २०१३ साली ‘मेघराज’ या नावाने क्लाउडचे धोरण आखले. फेब्रुवारी २०१४मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा म्हणजे एनआयसीचा राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. पुढे खासगी कंपन्यांनाही दार उघडण्यात आले. मंत्रालयाच्या यादीत नाव हवे असेल तर एसटीक्यूसी संचालनालयाकडून लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि सरकारी माहिती देशाच्या सीमेबाहेर जाऊ द्यायची नाही, या त्यातील ठळक अटी. महाराष्ट्राने जानेवारी २०१८मध्ये स्वतःचे सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले, तेव्हा असे करणारे पहिले राज्य म्हणून त्याचा गाजावाजाही झाला होता.

या अटी बदलतात कशा? काही बदल बाहेरून येतात. आयएसओ २७००१ या आंतरराष्ट्रीय मानकाची आवृत्ती २०२२मध्ये बदलली, त्यातील नियंत्रणांची संख्या ११४वरून ९३वर आली आणि जुनी प्रमाणपत्रे ऑक्टोबर २०२५अखेर कालबाह्य झाली. त्यात फारसे वादाचे काही नाही. तीन वर्षांची मुदत होती आणि मजकूर सर्वांसमोर होता. वादाचा भाग देशातल्या देशात होणाऱ्या बदलांचा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण एप्रिल २०२२चे.

संगणकीय आणीबाणी हाताळणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० ब खाली काम करते. तिच्या कार्यपद्धतीचे नियम जानेवारी २०१४मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या कलम ८७नुसार असे नियम दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात. सेवा पुरवणाऱ्यांनी आणि डेटा सेंटरांनी सायबर हल्ल्याची माहिती ‘वाजवी वेळेत’ कळवावी, अशी त्या नियमांची शब्दयोजना होती. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने याच कलमाच्या पोटकलम ६चा आधार घेऊन निर्देश काढले आणि ‘वाजवी वेळ’ सहा तासांची झाली. कळवायच्या घटनांची यादी वीस प्रकारांवर गेली व तीत क्लाउडवरील हल्ल्यांना वेगळे स्थान मिळाले. सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपून ठेवण्याचे आणि क्लाउड व व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचा तपशील पाच वर्षे सांभाळण्याचे बंधन आले. अंमलबजावणीसाठी ६० दिवस देण्यात आले. खासगी कंपन्यांबरोबर सरकारी संस्थांनाही हे निर्देश लागू होते.

सहा तासांची मुदत योग्य की अयोग्य, यावर तज्ज्ञांत दुमत असू शकते. मुद्दा निराळा आहे. संसदेपुढे ठेवलेल्या नियमातील एका लवचीक शब्दाला, संसदेपुढे न ठेवलेल्या निर्देशाने काटेकोर अर्थ दिला. मसुदा आधी जनतेपुढे मांडून हरकती मागवण्यात आल्या नाहीत. कायदे व दुय्यम विधाने करण्यापूर्वी मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारचेच २०१४चे धोरण सांगते. पण निर्देश म्हणजे दुय्यम विधान नव्हे, असे म्हटले की ते धोरणही दाराबाहेर थांबते.

पुढे जे घडले ते अधिकच उद्बोधक आहे. उद्योगांनी आरडाओरडा केल्यावर मे २०२२मध्ये प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात खुलासा प्रसिद्ध झाला. आपला खुलासा हा कायदेशीर दस्तऐवज नव्हे, असे त्यातच नमूद होते. तरीही मागितले तेव्हा सादर करता येत असतील तर लॉग परदेशात ठेवता येतील आणि कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला नियम लागू नाही, अशा सवलती त्यातून मिळाल्या. मूळ निर्देशात ‘भारताच्या अधिकारक्षेत्रात’ हे शब्द तसेच राहिले. उद्या एखादा वाद न्यायालयात गेला तर निर्देशाचे शब्द धरायचे की खुलाशातील अभय, हे कोण सांगणार? लहान उद्योगांसाठीची मुदतही अखेर २५ सप्टेंबर २०२२पर्यंत वाढवावी लागली. आधी विचारले असते तर यातले बरेचसे टळले असते.

निर्देश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात होती. २०२३च्या जनविश्वास कायद्याने दंडाची मर्यादा एक कोटीवर नेली. ते विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, तेथे चर्चा झाली, मग दोन्ही सभागृहांत ते संमत झाले. म्हणजे शिक्षेवर संसदेची मोहोर आहे, पण जे मोडल्याबद्दल शिक्षा होते, त्यावर नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्ट-इनचा समावेश माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाला. त्यामुळे भ्रष्टाचार आणि मानवाधिकारांचे प्रकरण वगळता, एखादा निकष का बदलला हे अर्ज करून विचारण्याची वाटही बंद झाली.

सरकारची बाजू दुबळी नाही. हल्लेखोर हरकतींची मुदत संपण्याची वाट पाहत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे नंतर सरकारने संसदेत सांगितले. दूरवरून येणारे रुग्ण ताटकळले आणि कर्मचाऱ्यांना कागद-पेनावर काम करावे लागले. अतिखुल्या पद्धतीचा तोटा अमेरिकेत दिसतो. तेथील सरकारी यंत्रणांच्या सुरक्षा-नियंत्रणांच्या पाचव्या आवृत्तीचा मसुदा ऑगस्ट २०१७मध्ये जनतेपुढे आला, अंतिम रूप सप्टेंबर २०२०मध्ये मिळाले आणि सरकारी क्लाउडसाठीच्या ‘फेडरॅम्प’ कार्यक्रमाने त्यानुसार आपले निकष बदलले ते मे २०२३मध्ये. जवळजवळ सहा वर्षे.

परंतु ‘एम्स’मध्ये उणीव निघाली ती जाळ्याची विभागणी नीट नसल्याची. तिला नव्या निकषाची गरज नव्हती, जुनाच पाळण्याची होती. शिवाय एप्रिल २०२२च्या निर्देशांत तातडीचे असे किती होते? हल्ल्याची सूचना कधी द्यावी, ही बाब निकडीची मानता येईल. ग्राहकाचा तपशील पाच वर्षे ठेवावा, यात कसली आणीबाणी? हाच विषय हाताळणाऱ्या मंत्रालयाने वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५मध्ये खुला केला, हरकतींची मुदत एकदा वाढवली आणि नोव्हेंबर २०२५मध्ये नियम अधिसूचित केले. इच्छा असली की वेळ मिळतो.

संसदेला हे जमत नाही, असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११चे मध्यस्थांविषयीचे नियम रद्द करावेत, असा प्रस्ताव मे २०१२मध्ये राज्यसभेत पी. राजीव यांनी मांडला. तो फेटाळला गेला, पण तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांना सर्वांशी चर्चेचे आश्वासन द्यावे लागले. पुढच्या वर्षी लोकसभेच्या दुय्यम विधान समितीने त्याच कायद्याखालील नियमांवर स्वतंत्र अहवाल दिला. हे शक्य झाले, कारण ते ‘नियम’ होते आणि पटलावर आले होते.

या साऱ्याचा भार शेवटी पडतो तो मंत्रालयांतील उपसचिवावर, प्रतिनियुक्तीवर आलेल्या संचालकावर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निविदेवर सही करणाऱ्यावर. निकष नेमका कोणत्या तारखेचा, खुलासा बंधनकारक की केवळ माहितीस्तव, हे ठरवण्याची जबाबदारी त्याची. लेखापरीक्षणात बोट ठेवले गेले तर उत्तरही त्यानेच द्यायचे.

लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम ३१७ दुय्यम विधान समितीची कक्षा सांगतो. विनियम, नियम, उपनियम, उपविधी आणि त्यापुढे ‘इत्यादी’, असे शब्द तेथे आहेत. त्या ‘इत्यादी’त सर्ट-इनचे निर्देश बसतात की नाही, हा प्रश्न समितीने स्वतःहून हाती घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्यासाठी कायद्यात दुरुस्तीही करावी लागणार नाही.