वेगाची आकृती हाही इतिहासाचा दस्तऐवज

१/ द्रोणागिरी म्हटले की आपणांस उरणजवळचा किल्ला आठवतो. त्याच परिसरातील द्रोणागिरी स्थानकावरून जानेवारी २०२४ पासून लोकल धावू लागली, हाही इतिहासच. पण त्याकडे आपले लक्ष जात नाही. गडांचा इतिहास आपण जपतो, यंत्रांचा मात्र भंगारात घालतो. हा धागा त्या दुर्लक्षाविषयी आहे.

२/ विजेच्या लोकलमध्ये मोटारच गोल फिरते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या गाडीचे तसे नव्हते. वाफ दट्ट्याला पुढे-मागे ढकलत असे आणि ती ये-जा कनेक्टिंग रॉड व क्रँक यांच्याद्वारे चाकाच्या फिरण्यात रूपांतरित होई. प्रश्न असा की, चाक एकसारखे फिरत असता दट्ट्याचा वेग कोणत्या क्षणी किती असतो?

३/ उत्तर कागदावर काढता येते. रॉड ताठ असतो, त्याची लांबी बदलत नाही. म्हणून त्याच्या एका टोकाच्या दृष्टीने दुसरे टोक केवळ रॉडला काटकोनातच सरकू शकते. सारी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे.

४/ आता एक बिंदू घ्या. तेथून क्रँकच्या टोकाचा वेग प्रमाणात काढा. त्याची दिशा क्रँकला काटकोनात. त्या बाणाच्या अग्रापासून रॉडला लंब रेषा ओढा. मूळ बिंदूतून दट्ट्याच्या मार्गाला समांतर रेषा ओढा. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथवरचे मूळ बिंदूपासूनचे अंतर म्हणजे दट्ट्याचा वेग. समीकरण नाही, पट्टी, गुण्या आणि पेन्सिल पुरे.

५/ ही आकृती डोळ्यांनाही चकवते. क्रँक ९० अंशांवर असता दट्ट्या सर्वांत वेगवान असेल, असे वाटते. पण रॉड क्रँकच्या चौपट लांब असेल, तर कमाल वेग सुमारे ७७ अंशांवरच येतो. ९० अंशांवर दट्ट्याचा आणि क्रँकच्या टोकाचा वेग तंतोतंत सारखा असतो आणि त्या क्षणी रॉडचे स्वतःचे वळणे शून्य होते.

६/ आता कालक्रम पाहा. रॉबर्ट हेन्री स्मिथ यांनी यंत्रांच्या गतीच्या आलेखी विश्लेषणाची पद्धत १८८५ मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात मांडली. म्हणजे ठाण्याच्या गाडीनंतर ३२ वर्षांनी! ‘आधी शास्त्र, मग यंत्र’ हा आपला लाडका क्रम येथे उलटा पडतो. कारागिरांनी यंत्र चालवले, शास्त्राने मागाहून त्याची भाषा घडवली.

७/ ती भाषा आपल्याकडे आली शिक्षणातून. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथे यांत्रिक रेखाटन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नांगराचे कारखानदार झाले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंगांधत्वामुळे चित्रकला सुटलेल्या या माणसाच्या हाती रेघ राहिली, हे विसरू नये.

८/ कोणी म्हणेल, आज हे संगणक क्षणात करतो. मग जुन्या आकृतीचा मोह कशाला? उत्तरासाठी संगणक अवश्य वापरावा, तो अधिक अचूक आहे. परंतु संगणक आकडा देतो आणि आकृती कारण दाखवते. शिवाय जुन्या कारखान्यांचे आराखडे वाचणारे उरले नाहीत, तर ते मोडी न येणाऱ्याच्या हातातील मोडी कागदांसारखे मुके होतील.

९/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जुन्या अभियांत्रिकी संस्थांनी आपले रेखाटनपट आणि विद्यार्थ्यांचे आराखडे रद्दीत देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे तरी जपावीत. इतिहासप्रेमींनी ताम्रपट वाचायला शिकावे, तसेच एकदा हा वेगत्रिकोणही स्वतः काढून पाहावा. दहा मिनिटे लागतील. पण १८५३ च्या त्या इंजिनाचे चाक कसे फिरले, हे मग कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.