पाटी मराठी झाली, अक्षराचे काय?

दुकानांच्या व आस्थापनांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात आणि त्यावरील मराठी अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशी तरतूद महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करून करण्यात आली. तीविरुद्ध न्यायालयाचे दरवाजे ठोठावून झाले. अखेर २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि ठिकठिकाणच्या पाट्या बदलू लागल्या. मराठीप्रेमी समाजाला त्याचे समाधान वाटले, ते रास्तच होते. परंतु या नव्या पाट्यांकडे क्षणभर थांबून पाहिले, तर एक विसंगती लपत नाही. इंग्रजी नाव खास घडवून घेतलेले, रेखीव आणि ऐटदार; शेजारचे मराठी नाव मात्र संगणकात जो पहिला जाड फाँट हाती लागला, त्यात कसेबसे कोंबलेले. कायद्याने मराठीला जागा मिळवून दिली. तिला रूप देणे कायद्याच्या हाती नाही.

जाहिरातीतील वा पाटीवरील ठळक अक्षर पुस्तकातील अक्षराहून वेगळे असते. पुस्तकातील अक्षराने वाचकाच्या नजरेआड राहून मजकूर पोहोचवायचा; पाटीवरील अक्षराने रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची. या हाकेत दुकानाचा स्वभावही उमटतो. सराफाची पेढी आणि लहान मुलांच्या खेळण्यांचे दुकान एकाच वळणात लिहिले, तर दोहोंपैकी एकाची तरी फसगत होणारच.

देवनागरीत हे काम अधिक अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. रोमन लिपीतील मोठी अक्षरे एका रेषेवर सरळ उभी राहतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबतात; वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार. त्यामुळे दोन्ही नावांची एकूण उंची मोजून सारखी ठेवली, तरी त्या उंचीचा मोठा वाटा मात्रा-उकारांत खर्च होतो आणि मूळ मराठी अक्षर रोमन अक्षरापुढे खुजे दिसते. नियम पाळला जातो, हेतू मात्र निसटतो.

दुसरी अडचण जाडीची. रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातील पोकळी बुजू लागते. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद दुरून कळेनासा होतो. ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांसारखी जोडाक्षरे तर काळा गोळाच होऊन बसतात. फाँटमध्ये मुळात जाड वळण नसताना संगणकाला ‘ठळक कर’ अशी आज्ञा दिली, तर तो सर्व बाजूंनी रेघ फुगवतो आणि हा गोंधळ वाढतो. फलक भरावा म्हणून अक्षर आडवे ताणले, तर काने रुंदावतात, शिरोरेषा मात्र तेवढीच राहते. अक्षराचा तोल जातो. पूर्वीचा पेंटर हे कधी करीत नसे. तो आधी अक्षरे मोजी, खडूने रेषा आखी, जागेनुसार वळण बेतून घेई. फ्लेक्सच्या छपाईने पेंटरचे काम गेले आणि त्याच्याबरोबर ते तारतम्यही गेले.

वास्तविक महाराष्ट्राला अक्षराची फार मोठी परंपरा लाभली आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा टाईप साऱ्या देशात नावाजला गेला. लोकमान्य टिळकांनी देवनागरी मुद्राक्षरांची संख्या कमी व्हावी म्हणून खटपट केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेत लिपीशुद्धीची चळवळ चालवली. राजकारणाच्या धकाधकीतही या दोघांना अक्षराचा विचार क्षुल्लक वाटला नाही. पुढे कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाच्या नावालाच चेहरा दिला. २०२० साली त्यांचे निधन झाले. त्यांची अक्षरे रसिकांच्या डोळ्यांपुढे आजही आहेत. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट घडवला तो संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी. तोच फुगवून दहा फुटी फलकावर चढवला, तर दोष जोशींचा नव्हे.

चांगले फाँट मिळत नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेने ‘मोदक’ नावाचा कमालीचा जाड देवनागरी फाँट केला आहे. नावाप्रमाणेच गुबगुबीत असलेल्या या अक्षरांत पोकळ्या बारीक फटींएवढ्याच उरल्या आहेत, तरीही मोठ्या आकारात अक्षर ओळखू येते. कारण प्रत्येक वळण जाडीचा विचार करूनच रेखाटले आहे. याच संस्थेचा ‘बालू’ हा फाँट नऊ भारतीय लिप्यांत उपलब्ध आहे. अनेक प्रांतांत व्यापार करणाऱ्याला आपल्या नावाचा चेहरा सर्वत्र सारखा ठेवता यावा, ही त्यामागची सोय. दोन्ही विनामूल्य मिळतात.

मात्र चांगला फाँट सापडला म्हणून काम संपत नाही. अतिजाड अक्षर दोन-तीन शब्दांच्या नावापुरतेच शोभते. पत्ता, दूरध्वनी, मालाची यादी त्यातच लिहिली तर सगळेच ओरडतात आणि काहीच ऐकू येत नाही. निवड करताना ‘क’ किंवा ‘म’ पाहून भुलू नये. आपल्या नावातील सर्वांत अवघड जोडाक्षर आधी लिहून पाहावे. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ ही मराठीची गरज त्या फाँटमध्ये भागते का, हे तपासावे. राज्य शासनाने २०२२ साली पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांना मान्यता दिली आहे; तीच वळणे घ्यावीत. पाटी रात्री उजळणारी असेल, तर जाडी थोडी कमीच ठेवावी. प्रकाश पसरला की पोकळ्या आणखी बुजतात. शेवटी नाव छापून रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहावे. ही परीक्षा फुकट आहे आणि तिला पर्याय नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचे पेढे वाटून झाले. हा दर्जा ग्रंथालयांत आणि विद्यापीठांत जपला जाईलच, जपला जावाच. परंतु सामान्य मराठी माणसाची आपल्या लिपीशी रोजची गाठ पडते ती बाजारपेठेत, बसथांब्यावर, औषधाच्या दुकानासमोर. तेथे ती इंग्रजीची ओशाळवाणी सावली म्हणून उभी राहणार की स्वतःच्या तोऱ्यात, हे न्यायालय ठरवणार नाही. पाटीचा नमुना समोर आल्यावर ‘चालेल’ म्हणणारा दुकानदारच ते ठरवत असतो. त्याने एकदा ‘अजून चांगले दाखवा’ एवढे म्हटले, तरी पुष्कळ होईल.