मलंगगडाला कोणापासून मुक्त करणार?

मलंगगड ‘मुक्त’ केल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही, अशा अर्थाचं वचन जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जाहीर कार्यक्रमात दिलं. राज्यघटनेची शपथ घेतलेल्या माणसाला असं वचन देण्याचा अधिकारच नाही. मी अंबरनाथचा आहे, हिंदू आहे, आणि माझ्याच तालुक्यातल्या गडाबद्दल हे ऐकून मला संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

मुक्त करायचं ते कोणापासून? गडावरच्या हाजी मलंग दर्ग्याची वहिवाट पिढ्यानपिढ्या कल्याणच्या केतकरांकडे आहे. ते ब्राह्मण. त्याला मुसलमानांनी हरकत घेतली तेव्हा, १८१७ साली, मलंगबाबांचीच इच्छा पाहू म्हणून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तिन्ही वेळा कौल काशिनाथपंत केतकरांच्या प्रतिनिधीला मिळाला, असं ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर सांगतं. पुढे केतकरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५४ साली न्यायालयाने म्हटलं, की हे स्थान मिश्र आहे. त्याला ना हिंदू कायदा लागू, ना मुस्लिम. त्याची स्वतःची रूढी आणि न्यासांचा सर्वसाधारण कायदा, एवढंच. ऐंशीच्या दशकात शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी गड ‘मुक्ती’चं आंदोलन उभारलं ते या निकालानंतर तीस वर्षांनी. माघी पौर्णिमेला गडावर पोलीस फौजफाटा लागू लागला, तो या आंदोलनामुळे, श्रद्धेमुळे नव्हे.

नाथपंथीयांसाठी ही मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. ती श्रद्धा खरी आहे, तिचा मान राहिलाच पाहिजे. २०२१ मध्ये आरती चालू असताना घोषणा देत घुसलेल्यांवर गुन्हा नोंदला गेला, तो योग्यच होता. पण आरतीचं रक्षण करणं वेगळं आणि शेजारच्याची चादर हिसकावणं वेगळं.

धर्माच्या भांडणात सत्तेने पडू नये, हा विचार फक्त आपला नाही. अमेरिकेत १८७२ साली प्रेस्बिटेरियन चर्चमधल्या दोन गटांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात आलं. खरा धर्म कोणाचा हे ठरवणं आमचं काम नाही, अशी भूमिका त्या न्यायालयाने घेतली. तिथेही पुढे बलवानांनी डाव साधलाच. पेयोट हे धार्मिक विधीतलं द्रव्य घेतल्यामुळे नोकरी गेलेल्या, मूलनिवासींच्या चर्चच्या सदस्यांना १९९० साली न्यायालयाने बेकारभत्ता नाकारला. त्या निकालावर उतारा म्हणून १९९३ साली कायदा झाला आणि २०१४ मध्ये त्याचाच आधार घेऊन हॉबी लॉबी या बड्या कंपनीने कर्मचारी स्त्रियांच्या विम्यातून काही गर्भनिरोधकं वगळून घेतली. दुबळ्याच्या संरक्षणाला केलेला कायदा धनिकाच्या हाती गेला. आपल्याकडे तर सत्ताधारीच पीडिताचा वेष घेतात.

शेजारच्या उल्हासनगरच्या सिंधी समाजाने मलंगगडाच्या या वादावर गप्प राहावं, याचं मला फार वाईट वाटतं. फाळणीत घरदार सोडून इथल्या लष्करी बराकींत आलेली ही माणसं. त्यांच्या झुलेलाल या देवतेचं उडेरोलाल हे स्थान सिंधमध्ये राहिलं. तिथे मुसलमान झुलेलाललाच शेख ताहिर म्हणून नमन करतात. मिश्र श्रद्धा म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

प्रार्थनास्थळाचं १५ ऑगस्ट १९४७ रोजीचं स्वरूप बदलता येणार नाही, असा १९९१चा कायदा आहे. राज्य सरकारने १९५४चा निकाल आणि हा कायदा मान्य असल्याचं लेखी जाहीर करावं, आणि ‘मुक्ती’चं वचन जसं सभेत दिलं तसंच सभेत मागे घ्यावं. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरमध्ये मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी आधी हेच विचारणार आहे.