तोंडाला वास येतो? पोटाला दोष देणे थांबवा

"डॉक्टर, पोट साफ होत नाही, त्यामुळे तोंडाला वास येतो. एखादं चूर्ण द्या." सोलापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात हे ऐकायला मिळते. चूर्ण मिळते, जुलाब होतात, वास मात्र तसाच राहतो. राहणारच, कारण हा वास बहुधा पोटातून येतच नाही. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ती उघडते गिळताना नाहीतर ढेकर देताना. दहापैकी आठ-नऊ जणांत वासाचे मूळ तोंडातच सापडते: जिभेच्या मागच्या बाजूचा थर, पू झालेल्या हिरड्या, किडलेला दात, रात्री न काढलेली कवळी. तिथले जिवाणू अन्नकण कुजवून गंधकाचे वायू सोडतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. लाळ हे सगळे धुऊन नेते. झोपेत, उपासात आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की ती आटते.

शेंगाचटणीतल्या लसणाचा वास वेगळा. तो रक्तातून फुप्फुसात जातो, म्हणून दात घासूनही काही तास राहतो. तो आजार नव्हे, चटणी खुशाल खा.

माझे खरे भांडण आहे ते मिसरीशी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर चोळायची आणि याला म्हणायचे 'दात घासणे'! सासू लावते, मग सूनही लावते. ज्या शहरात हजारो बायकांचे घर विड्या वळून चालते, तिथे तंबाखू परकी वाटत नाही, हे मान्य. पण ती मंजन कशी झाली? टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी आणली. घरच्या तव्यावर कोण धाड घालणार?

"मिसरीने ठणका थांबतो, हिरड्या घट्ट होतात," असे सांगतात. ती निकोटीनची करामत. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त कमी येते आणि दुखणे बरे झाल्यासारखे वाटते. आत दाताचे हाड झिजतच असते. वास लपवायला मिसरी, मिसरीने हिरड्या खराब, त्याने आणखी वास. शिवाय तोंडाचा कॅन्सर, तो वेगळाच.

मग करायचे काय? फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा ब्रश, रोज जीभ मागपर्यंत हलक्या हाताने साफ करणे, दातांच्या फटीतले अडकलेले काढणे. किटण असेल तर दंतवैद्याकडून काढून घ्या. "त्याने दात हलायला लागतात" ही निव्वळ अफवा. ते आधीच हललेले असतात, किटणाने फक्त धरून ठेवलेले. माउथवॉशने तासभर झाकले जाते, एवढेच.

हे सगळे करूनही वास राहिला तर सायनस, टॉन्सिल आणि रक्तातली साखर तपासून घ्या. आणि मिसरी लावणाऱ्या घरातल्या बाईच्या तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात आणा, दिवाळीनंतर नाही.