पर्स सांभाळली, पण…

मैत्रिणींनो, मुलगी एकटी घराबाहेर पडायला लागली की आपण तिला काय काय सांगतो? पर्स पुढे धर, साखळी ओढणीखाली घाल, गाडीत दारात उभी राहू नकोस. आमची थोरली गेल्या वर्षी अकरावीला लागली. मुलुंडहून घाटकोपरला रोज गाडीनं जायचं, म्हणून मीही ही सारी उजळणी करून घेतली. अर्धवेळ का होईना, शिक्षिकाच पडले ना!

एका संध्याकाळी ती आली ती तडक मोरीत गेली. हातपाय धुतले, पुन्हा धुतले. पानावर बसली, पण घास काही उतरेना. रात्री मी ओटा आवरत होते, तेव्हा हळूच म्हणाली, "आई, पुलावर गर्दीत एका माणसानं मुद्दाम हात लावला."

आणि मी काय विचारावं? "एकटीच होतीस का? आणि ड्रेस कुठला घातला होतास?"

तिचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे माझंच चुकलं का गं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. लग्नानंतर मी नवीनच नोकरी धरली होती, तेव्हा माझ्याही बाबतीत हेच घडलं होतं. मी ओठ मिटून घरी आले आणि कुकर लावला. सासूबाईंना नाही, ह्यांनाही नाही, कुणालाच सांगितलं नाही. पुढे महिनाभर लांबच्या जिन्यानं जात राहिले. पर्स सांभाळायला शिकले होते, आवाज काढायला नव्हते. सकाळी लेकीला जवळ घेऊन हे सगळं सांगितलं आणि कालच्या प्रश्नांबद्दल तिची माफी मागितली.

आपल्यासाठी गाडीत वेगळे डबे आहेत. १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट–बोरिवली मार्गावर बायकांची खास गाडीही सुरू झाली. पण पूल, जिना, रिक्षाची रांग इथं कुठला आलाय बायकांचा डबा? त्यातून २०१४ साली मेट्रो आल्यापासून अंधेरी नि घाटकोपरला दोन गाड्यांची गर्दी एका ठिकाणी येते.

म्हणून आम्ही मायलेकींनी काही गोष्टी पक्क्या केल्या. त्या तुम्हीही करा.

अंगचटीला कुणी आलं तर तिथल्या तिथं, मोठ्यानं बोलायचं. मात्र त्याच्या मागे एकटीनं धावायचं नाही.

रात्री बायकांचा डबा रिकामा होऊ लागला, तर पुढच्या स्टेशनवर उतरून माणसं असलेल्या डब्यात जायचं. चालत्या गाडीतून उडी कधीही नाही. खरंच संकट असेल तर साखळी ओढायला कचरू नये. ती त्यासाठीच आहे. बायकांच्या डब्यात पुरुषानं शिरणं हा रेल्वे कायद्याच्या १६२ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

रेल्वेत मदतीसाठी १३९ आणि कुठंही पोलिसांसाठी ११२ हे आकडे मुलीला तोंडपाठ हवेत.

तक्रार करायची तर वेळ, स्टेशन, डबा लगेच लिहून ठेवावं. "ही आमची हद्द नाही" म्हणून कुठल्याही पोलीस ठाण्याला असल्या गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तसं स्पष्टच लिहिलं आहे. असा जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा असतो.

परवा जिन्यावर तसाच एकजण खेटू लागला. लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ काका, हात मागे घ्या!" चार बायका वळल्या, तसा तो खाली मान घालून पसार झाला. घरी येऊन तिनं सगळं सांगितलं आणि पोळ्याही नेहमीसारख्या खाल्ल्या.

आज जेवणं आटोपली की तुम्हीही लेकीपाशी, सुनेपाशी घटकाभर बसा. तिनं काही सांगितलं, तर आधी नीट ऐकून घ्या. आणि ड्रेस कुठला होता, ते मात्र विचारू नका.