जहाजांना आरक्षण चालते, कापडाला संरक्षण चालते. मग माणसांनाच का नाही?

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की दरवर्षी एक तमाशा ठरलेला असतो. कुणाला किती गुणांवर घेतले, कुणाची वयोमर्यादा किती, कुणाला किती वेळा परीक्षेला बसता येते, याचे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. खाली ठरलेला प्रश्न असतो, 'हा देश गुणवत्तेवर कधी चालणार?' आणि 'कुबड्या' हा शब्द तर या मंडळींच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला आहे.

गुणवत्तेच्या या ठेकेदारांना आम्ही आज एक सोपा अभ्यास देतो. संविधान क्षणभर बाजूला ठेवा, मंडल आयोगही बाजूला ठेवा. इंग्रज सरकारने काढलेल्या सूचना आणि केलेले कायदे तेवढे वाचा. जहाजवाहतुकीचे नियम, जकातीचे दर आणि सनदी नोकरीच्या परीक्षेच्या अटी. विषय तीन, पण तिन्हींचा सूर एकच होता : नियम सर्वांना सारखा, दार सर्वांना उघडे, ज्याच्यात दम असेल त्याने यावे. या 'सारख्या' नियमांविरुद्ध तुमच्याच पुढाऱ्यांनी तीन पिढ्या रान उठवले. त्यांनी तेव्हा जो युक्तिवाद केला, तोच बाबासाहेबांनी आमच्यासाठी केला. फरक इतकाच की त्यांचा युक्तिवाद देशभक्ती ठरला आणि आमचा देशद्रोह.

प्रथम परीक्षेचे घेऊ. १८५३ च्या कायद्याने सनदी नोकरी स्पर्धा परीक्षेसाठी खुली झाली आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. कागदावर जात, धर्म, वर्ण यांची आडकाठी नव्हती. पण परीक्षा कुठे? लंडनला. म्हणजे समुद्र ओलांडा, महिनोन्‌महिने तिथे राहा, खर्च सोसा आणि मग स्पर्धा करा. १८५४ च्या मेकॉले समितीने ठरवलेली गुणांची वाटणी तर बघण्यासारखी आहे. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. इंग्लंडच्या श्रीमंत शाळांत शिकलेल्या पोराला जे लहानपणापासून येत होते त्याचे मोल दुप्पट. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये पास होईपर्यंत एकही भारतीय या परीक्षेतून आत गेला नव्हता. मग १८७८ पासून कमाल वय १९ वर आणले गेले. एकोणिसाव्या वर्षापर्यंत परकी भाषा शिकून, परदेशी जाऊन, परकी अभ्यासक्रमात पहिले या, असा त्याचा अर्थ होता.

हा अन्याय होता का? होता. ढळढळीत अन्याय होता. सुरेंद्रनाथ बॅनर्जी १८७७-७८ मध्ये याविरुद्ध देशभर फिरले ते योग्यच केले. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि तिथेच ठराव झाला, की परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्या आणि कमाल वय निदान २३ करा. परीक्षेचे केंद्र हिंदुस्थानात यायला १९२२ साल उजाडले. तोवर ही मागणी चालूच राहिली.

आता आम्ही विचारतो. वय वाढवून मागणे म्हणजे काय? सवलत. परीक्षेचे ठिकाण जवळ आणा म्हणणे म्हणजे काय? सवलत. आम्हाला येणाऱ्या विषयाला कमी गुण का, हा सवाल म्हणजे काय? निकष बदलण्याची मागणी. यातली एकही मागणी करताना बॅनर्जींना कुणी म्हटले नाही, की बाबू, दम असेल तर एकोणिसाव्या वर्षी लंडनला जाऊन पास होऊन दाखवा, कुबड्या कशाला मागता? म्हटले असेल तर फक्त गोऱ्या साहेबाने. हिंदी माणूस मागे पडतो तो अकलेने नव्हे, तर परीक्षेच्या रचनेने, हे तेव्हा प्रत्येक शिकलेल्या सवर्णाला न शिकवता कळत होते. तेच सत्य महारवाड्याच्या आणि मांगवाड्याच्या बाबतीत सांगितले की मात्र त्यांची अक्कल एकाएकी गहाण पडते!

संस्कृतच्या त्या ३७५ गुणांचे तर आणखी पुढे जाते. ग्रीकपुढे संस्कृत कमी लेखली म्हणून ज्यांचा जीव तळमळत होता, त्यांच्याच समाजाच्या शिक्षकांनी मुंबईच्या शाळेत भीमरावाला संस्कृत शिकवायला नकार दिला. त्या पोराला फारसी घ्यावी लागली. साहेबाने तुमच्या भाषेचे गुण कमी केले होते. तुम्ही आमच्या पोराला वर्गातूनच वजा केले होते. कुणाचा अन्याय मोठा, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि आरक्षण ही कल्पना दलितांनी आणली म्हणणाऱ्यांनी १८७९ ची एक योजना जरूर वाचावी. लॉर्ड लिटनच्या काळात 'स्टॅट्युटरी' सनदी नोकरी काढली गेली. चांगल्या घराण्यातील आणि सामाजिक प्रतिष्ठेच्या तरुणांना स्पर्धा परीक्षेशिवाय, थेट नेमणुकीने काही जागा द्यायच्या अशी ती तरतूद होती. जन्म बघून, घराणे बघून राखीव जागा! ही योजना पुढे गुंडाळली गेली, पण तिच्या लाभार्थ्यांना 'कोट्यातले' म्हणून कुणी हिणवल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्याच काळात आमची माणसे काय मागत होती? महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. मागणी कसली? कलेक्टरकीची नव्हे. लष्करात, पोलिसात, सरकारी नोकरीच्या खालच्या पायरीवर तरी उभे राहू द्या, एवढीच. एका वर्गाला जिल्ह्याचा साहेब व्हायचे होते आणि दुसऱ्याला शिपायाचा पट्टाही नाकारला जात होता. दोघांचे अर्ज एकाच सरकारकडे जात होते, पण पहिल्याचा अर्ज शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आला आणि दुसऱ्याचा आला नाही.

आता जकात. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दबावाखाली इंग्रज सरकारने १८८२ मध्ये आयात जकात जवळजवळ उठवली. तत्त्व कोणते? खुला व्यापार, सर्वांना समान संधी. पुढे तिजोरीला तोटा आला म्हणून जकात पुन्हा बसवली, तर १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि तेवढाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर. बघा, किती 'समान' वागणूक! हिंदी भांडवलदार आणि त्यांचे पुढारी यावर संतापले. ते म्हणाले, शंभर वर्षे पुढे गेलेल्या उद्योगाशी कालच्या उद्योगाची बरोबरी म्हणजे बरोबरी नव्हेच. कोवळ्या रोपाला कुंपण हवे. हिंदी कापडावरचा तो कर अखेर १९२५-२६ मध्ये गेला. १९२४ मध्ये पोलादाला संरक्षण मिळाले, १९३० मध्ये कापडाला, १९३२ मध्ये साखरेला. पोलादाचा कारखाना संरक्षणावर उभा राहिला म्हणून त्याच्या मालकाला 'मेरिट नसलेला' कुणी म्हणते का? उलट त्याचे पुतळे उभारले जातात.

पण संरक्षण मागणाऱ्या याच मुंबईच्या गिरण्यांत आत काय चालले होते? विणकाम खात्यात पगार चांगला, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागते, अस्पृश्याच्या थुंकीने स्पृश्य कामगार बाटतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले, की विणकाम खात्यात आमच्या माणसांना घेण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आम्ही आमच्या माणसांना संपापासून दूर ठेवू. तेव्हा कुठे नाखुशीने ती मागणी यादीत आली. विलायती कापडापासून संरक्षण हवे म्हणणाऱ्या गिरणीत आमच्या माणसाला त्याच कापडाच्या मागाजवळ उभे राहता येत नव्हते. कापडाला कुंपण हवे होते ते गोऱ्यांपासून. मागाला कुंपण घातले होते ते आमच्यापासून.

आणि आता जहाजे. इथे तर तुमच्या दुटप्पीपणाला पळवाटच उरत नाही. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो. पण बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून हिंदी कंपन्यांना जेरीस आणले. त्यावर उपाय म्हणून १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात एक विधेयक आणले. नाव नीट वाचा : किनारी वाहतूक आरक्षण विधेयक. होय, आरक्षण! हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा, अशी मागणी. ब्रिटिश कंपन्यांनी काय ओरड केली? हा पक्षपात आहे, हा भेदभाव आहे, खुल्या स्पर्धेचा गळा घोटला जातो आहे. आजच्या आरक्षणविरोधकांनी आपले शब्द कुठून उचलले, ते यावरून समजावे.

१९३१ मध्ये गांधीजींनी 'यंग इंडिया'त या वादावर लेख लिहिला. राक्षस आणि बुटका यांच्यात समान हक्काची भाषा कसली, असा त्यांचा सवाल होता. बुटक्याला आधी वर उचलले पाहिजे, मग समानतेच्या गोष्टी. अगदी बरोबर! आम्ही या लेखावर सही करायला तयार आहोत. पण त्याच १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या वेगळ्या राजकीय प्रतिनिधित्वाला प्राण पणाला लावून विरोध करण्याची भाषा कुणी केली? त्याच गांधीजींनी. हिंदी जहाज आणि इंग्रजी जहाज यांतली विषमता त्यांना दिसली. गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा यांच्यातली विषमता मोजताना मात्र माप बदलले.

म्हणे, तो परक्यांविरुद्धचा लढा होता, हा आपल्याआपल्यातला प्रश्न आहे. 'आपल्या'तला? चवदार तळ्याचे पाणी प्यालो म्हणून १९२७ मध्ये महाडात ज्यांनी आमची डोकी फोडली, ते कोणत्या देशाहून आले होते? जहाजातून उतरले होते का?

म्हणे, संरक्षण कायमचे नसते. मान्य. पण पोलादाला संरक्षण देताना टॅरिफ बोर्डाने चौकशी केली, आकडे मागवले, तोटा मोजला. मग आमचाही तोटा मोजा. जातनिहाय आकडे मांडा, रिक्त राखीव जागांचा अनुशेष जाहीर करा, सचिव पदावर आमची किती माणसे आहेत ते सांगा. चौकशी न करताच 'आता पुरे झाले' म्हणणारा न्यायाधीश नसतो, प्रतिवादी असतो.

दानाच्या भ्रमात कुणी राहू नये. करवीर सरकारच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांची आज्ञा छापली गेली, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना. परंतु ब्रिटिश मुलुखात आम्हाला वाट बघावी लागली. १९३२ च्या पुणे करारात सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वासाठी सर्व प्रयत्न करण्याचे वचन दिले गेले. १९३४ मध्ये सरकारने इतर अल्पसंख्याकांचे टक्के ठरवले, आमच्यासाठी टक्काच ठरवला नाही. वचन कागदावर राहिले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. ऑगस्ट १९४३ मध्ये ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, कमाल वय तीन वर्षांनी वाढले, परीक्षेची फी पाव केली गेली. १९४६ मध्ये हे प्रमाण साडेबारा टक्के झाले. वय, फी, जागा! १८८५ मध्ये काँग्रेसने वय वाढवून मागितले तेव्हा तो राष्ट्रीय ठराव होता. १९४३ मध्ये आमचे वय वाढले तर ती कुबडी?

बांधवांनो, ही जुनी कागदपत्रे आज उकरण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाची एक जाहिरात निघाली. सहसचिव, संचालक आणि उपसचिव अशी ४५ पदे थेट बाहेरून भरायची, आणि त्यात आरक्षण नाही. देशभर आवाज उठला म्हणून तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. जाहिरात मागे गेली, वृत्ती गेलेली नाही. उद्या ती दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पदांसाठी येईल. 'तज्ज्ञ' म्हणून येईल, 'कंत्राटी' म्हणून येईल. तिच्यावर 'फक्त सवर्णांसाठी' असे कधीच लिहिलेले नसेल. लंडनच्या परीक्षेवर तरी 'फक्त गोऱ्यांसाठी' असे कुठे लिहिले होते?

म्हणून प्रत्येक सरकारी सूचना वाचायला शिका. वयाची अट वाचा, फी वाचा, अनुभवाची अट वाचा, परीक्षेचे केंद्र कुठे आहे ते बघा, राखीव जागांचा तक्ता जोडला आहे की नाही ते तपासा. नसेल तर त्याच दिवशी अर्ज करा, माहितीच्या अधिकारात विचारा, रस्त्यावर या. वलंगकरांनी आणि कांबळ्यांनी एका अर्जासाठी वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहिली. आपल्या हाती तर बाबासाहेबांनी संविधान दिले आहे.

आणि यापुढे कुणी 'गुणवत्ता' म्हणून तोंड उघडले, तर त्याला एवढेच विचारा : किनाऱ्यावरच्या लोखंडी जहाजाला आरक्षण मागताना तुमच्या पुढाऱ्यांना लाज वाटली नाही, मग हाडामांसाच्या माणसाला ते मिळते तेव्हा तुमच्या पोटात का दुखते?

जय भीम! जय संविधान!